मातीत कापूस जरूर मिसळा, पण शेतकऱ्याच्या नावावर मूर्ती विकू नका



हल्ली एक कल्पना वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळते. "सर, यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा. जिनिंगमधला कचरा जवळजवळ फुकट मिळतो. तो मातीत मिसळायचा आणि मूर्ती, कुंड्या, शोपीस बनवायचे. वेस्ट टू वेल्थ! पर्यावरणालाही मदत, शेतकऱ्यालाही मदत."

माझं मत आधीच सांगून टाकतो. मातीत धागा मिसळायलाच पाहिजे. पण बहुतेक जण ज्या कारणासाठी मिसळायला निघालेत, ते कारण कच्चं आहे. आणि कच्च्या कारणावर उभा केलेला धंदा पहिल्याच सीझनला बसतो. तुमचे ४०-५० हजार रुपये आणि पावसाळ्याचे चार महिने पणाला लागणार असतील, तर हा लेख शांतपणे पूर्ण वाचा.

आधी एक गोष्ट: हा शोध तुमचा नाही

कुणी तुम्हाला 'युनिक आयडिया' म्हणून कोर्स विकत असेल तर हसून पुढे जा. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती आठवा. आत पराट्या नाहीतर तुराट्या आणि वरून कुटार किंवा गव्हांडा घालून तुडवलेली माती. तो गव्हांडा शोभेला नव्हता. तो नसता तर भिंत वाळताना तडकली असती. आपले कुंभार मातीत घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळत आलेत. लीद म्हणजे काय, तर जनावराने आधीच बारीक करून दिलेला गवताचा धागा.

अजून मागे जायचं तर वेरूळला जा. तिथल्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. मॅनेजर राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. हजार वर्षांहून जास्त काळ तो गिलावा टिकलाय.

आणि इतकं लांब तरी कशाला? यवतमाळचा दुर्गोत्सव सगळ्या विदर्भाला माहीत आहे. मोठी दुर्गामूर्ती बंगाली पद्धतीने बनते तेव्हा आत बांबू आणि सुतळीने आवळलेलं तणस असतं. त्यावर पहिला थर भाताचा कोंडा मिसळलेल्या मातीचा, पुढच्या थरात तागाचे तंतू, आणि भेगांवर पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. म्हणजे माणसापेक्षा उंच मूर्ती उभी राहते ती मातीच्या जोरावर कमी आणि धाग्याच्या जोरावर जास्त.

म्हणून 'मी काहीतरी नवीन करतोय' हे डोक्यातून काढा. जुनी, पक्की गोष्ट आपण नव्या धंद्यात नीट हिशेबाने वापरतोय, एवढंच. आणि तेवढं पुरेसं आहे.

धागा मातीत नेमकं काय करतो?

ओली माती वाळताना आकसते. बाहेरचा भाग आधी वाळतो, आतला ओलाच असतो. बाहेरचा आकसायला बघतो, आतला त्याला आकसू देत नाही. ओढाताण झाली की भेग पडते. गणपतीचा कान, सोंडेचं टोक, हाताची बोटं हे बारीक भाग पोटापेक्षा कितीतरी आधी वाळतात, म्हणून तडा बहुतेक वेळा जोडावरच जातो.

यात आपली काळी माती तर फारच अवघड. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात ना? तीच माती. पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते. नुसत्या काळ्या मातीची मूर्ती करायला गेलात तर वाळताना तीच गत होणार. म्हणून मूर्तीवाले शाडू आणतात, आणि बाजारातली शाडू बहुतेक गुजरातहून येते. म्हणजे तुमच्या मालाच्या किमतीत ट्रकचं भाडं आधीच बसलेलं आहे. अशा मातीतली एक मूर्ती तडकली की माती, भाडं आणि मेहनत, तिन्ही एकदम जातं.

धागा इथे तीन कामं करतो. एक, भेग सुरू होते तिथे दोन्ही काठ धरून ठेवतो. दोन, आतला ओलावा हळूहळू बाहेर आणतो, त्यामुळे वाळणं जास्त सारखं होतं. तीन, वाळलेला तुकडा तुटला तर धाग्याच्याच पातळ मातीने तो पुन्हा जोडता येतो. साध्या मातीत वाळलेल्या वस्तूचा जोड टिकत नाही. परदेशातल्या स्टुडिओ कुंभारांनी १९९०च्या दशकात कागदाचा लगदा मिसळलेली माती उचलून धरली, ती प्रामुख्याने याच सोयीसाठी.

आता आपला सीझन बघा. पोळ्याच्या अमावास्येपासून लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपर्यंत बरोबर दोन महिने. मातीचे बैल, गणपती, दुर्गा, मग दिवाळीच्या लक्ष्म्या आणि पणत्या, सगळी विक्री त्यात. आणि हा माल बनतो कधी? भर पावसाळ्यात, जेव्हा हवेत ओल असते आणि वाळणं सगळ्यात बेभरवशाचं असतं. तुमचा खरा शत्रू शेजारचा दुकानदार नाही. तुमचा शत्रू आहे तडा.

हिशेब करू या

आकडे समजुतीसाठी घेतोय, तुमचे तुम्ही टाका.

समजा १०० मूर्ती केल्या. माती, रंग, मजुरी धरून एका मूर्तीला १५० रुपये लागले. एकूण १५,००० रुपये. त्यातल्या २० तडकल्या. उरल्या ८०. प्रत्येकी २५० रुपयांनी विकल्या तर आले २०,०००. नफा ५,०००.

आता तेच धागा घालून. धागा साफ करणं, कापणं, मळणं याचा मूर्तीमागे ५ रुपये जादा खर्च धरा. एकूण १५,५००. समजा तडकल्या फक्त ८. उरल्या ९२. आले २३,०००. नफा ७,५००.

भाव वाढवला नाही, जाहिरात केली नाही, गिऱ्हाईकही तेच. तरी नफा दीडपट. हे आहे धागा मिसळण्याचं खरं कारण. ते मूर्तीवरच्या स्टिकरवर दिसत नाही, तुमच्या वहीत दिसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: या सीझनला किती वस्तू केल्या, किती तडकल्या, कुठे तडकल्या, हे रोज लिहा. ज्याच्याकडे तुटफुटीची वही नाही, त्याने धाग्याच्या गप्पा मारू नयेत.

आता कडू गोष्ट: शेतकऱ्याचं नाव

'आमची मूर्ती घ्या, यवतमाळच्या कापूस शेतकऱ्याला मदत करा.' असं लेबल छापायचा विचार तुमच्या मनात असेल तर जरा थांबा. आधी गणित.

मातीत कापूस लागतो किती? वाळलेल्या मातीच्या वजनाच्या साधारण दीड टक्का धरा. १००० मूर्ती, प्रत्येकी दोन किलो माती, म्हणजे २००० किलो माती. तिला कापूस लागेल ३० किलो. एक क्विंटल कपाशी जिनिंगला गेली की रुई निघते साधारण ३४-३५ किलो. म्हणजे तुमच्या हजार मूर्तींना एका क्विंटलचीही रुई पुरती लागत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल. तो पूर्ण धरला तरी मूर्तीमागे शेतकऱ्याच्या वाट्याला येतात आठ रुपये. आणि तुम्ही जिनिंगमधला कचरा वापरणार असाल तर शेतकऱ्याला मिळतो शून्य रुपया. त्याने तर कधीच माल विकून टाकलाय.

यवतमाळचं नाव देशभर कोणत्या कारणाने पोचलं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. अशा जिल्ह्यात बसून शेतकऱ्याच्या दुःखाचं स्टिकर आपल्या मालावर लावायचं आणि त्याला द्यायचं काहीच नाही, याला मी मार्केटिंग म्हणणार नाही. तुमच्यातले बरेच जण शेतकऱ्याचीच मुलं-मुली आहेत. घरी विचारा, त्यांना कसं वाटेल.

एखाद्या शेतकरी गटाकडून खरंच जास्त भावाने कापूस, किंवा अंबाडीचा वाख घेत असाल, तर तसं लिहा: कोणत्या गावातून, किती किलो, काय भावाने. तेवढंच. खरं असेल ते लिहायला लाज नाही. नसेल ते लिहू नका.

'इको-फ्रेंडली' या शब्दावर दुकान टाकू नका

दुसरा मोह हा. 'पीओपी बंद होणार, आता मातीचंच राज्य!' असं म्हणून कित्येकांनी माल भरला. पण घडलं काय ते बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पीओपी मूर्तींविरुद्धची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं मे २०२० ची. लगेच त्यांना वर्षभराची मुदत मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोरपणे पाळायला सांगितली. त्याच वर्षी जूनमध्ये पीओपी मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी मिळाली, बंधन राहिलं ते नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर. जुलैमध्ये सहा फुटांपेक्षा मोठ्या मूर्तींना त्यातूनही मार्च २०२६ पर्यंत सवलत मिळाली.

कोर्ट बरोबर की चूक हा आपला विषय नाही. आपला विषय हा की एका वर्षात तीनदा वारं फिरलं. नियम तुमच्या बाजूने आला तर बोनस समजा, पण भांडवल त्याच्या भरवशावर लावू नका. पीओपी बाजारात असतानाही तुमची मूर्ती विकली गेली पाहिजे. मातीची मूर्ती जड असते, नाजूक असते, नेताना तुटते, ही गिऱ्हाइकाची जुनी तक्रार. धागा मिसळलेली माती या तक्रारीला थेट उत्तर देते. दीड टक्का कापसाने वजन लगेच उतरत नाही, हे लक्षात घ्या. पण माती मजबूत झाल्यामुळे तुम्हाला भिंत पातळ ठेवता येते, आणि त्यातून वजन उतरतं.

अजून एक सावधगिरी. धागा म्हणून रद्दी वर्तमानपत्राचा लगदा वापरायचा सोपा मार्ग दिसतो. पण कागदाच्या लगद्याच्या मूर्तींना पर्यावरणपूरक म्हणून प्रोत्साहन देणाऱ्या राज्य सरकारच्या २०११ च्या निर्णयाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये स्थगिती दिली होती. शाई आणि लगदा पाण्याला त्रासदायक ठरतो, हा मुद्दा होता. म्हणजे 'नैसर्गिक' वाटतं ते सगळं पाण्याला चालतं असं नाही. विसर्जनाच्या मूर्तीत छापील कागद नकोच. कापूस किंवा वाख घ्या, तोही मोजका. आणि विकण्याआधी स्वतः बादलीत विरघळवून बघा. किती तासात विरघळली, तळाशी काय उरलं, याचा फोटो काढा. 'इको-फ्रेंडली' या शब्दापेक्षा त्या बादलीचा फोटो गिऱ्हाइकाला लवकर पटेल.

कुठे मिसळायचं, कुठे नाही

इथे अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून सरळ सांगतो.

न भाजलेल्या वस्तू, म्हणजे मूर्ती, मुखवटे, भिंतीवरची चित्रं, देखावे. इथे धागा शंभर टक्के मिसळा. तो आत राहतो आणि शेवटपर्यंत काम करतो.

भाजायच्या शोभेच्या वस्तू आणि कुंड्या. इथे मिसळा, पण समजून. आव्यात धागा जळून जातो. जागेवर उरतात बारीक पोकळ्या. वस्तू हलकी होते, पण भाजल्यावर धाग्याची ताकद काही उरत नाही. म्हणजे फायदा फक्त घडवताना आणि वाळवताना. पहिला तास-दोन तास आच मंद ठेवा, धूर निघेल. बंद खोलीत इलेक्ट्रिक भट्टी असेल तर धूर बाहेर जायची सोय आधी करा.

पाण्याचे माठ, रांजण, स्वयंपाकाची भांडी. इथे नवख्याने हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माठ गार पाणी देतो तो बारीक छिद्रांमुळेच, पण छिद्रं जास्त झाली तर माठ पाझरत राहतो आणि ठिसूळ होतो. कोणत्या मातीत लीद किती आणि राख किती, हे कुंभाराच्या हाताला पिढ्यांनी कळलेलं आहे. ते रील बघून येत नाही.

कापूस हाताळताना

जिनिंगचा कचरा 'फुकट' नसतो. त्यात सरकीची टरफलं, पानांचा चुरा, धूळ असते. पानं सडतात आणि मूर्तीवर डाग पाडतात. साफ करायला माणूस लागतो, त्याची मजुरी धरा आणि त्याला तोंडाला बांधायला मास्क द्या.

लांब धागा तसाच टाकला तर गुठळ्या होतात. अर्धा ते एक सेंटीमीटरपर्यंत कापा, पातळ कालवलेल्या मातीत रात्रभर भिजवा, हाताने मोकळा करा, मग मोठ्या गोळ्यात घालून तुडवा. वाख किंवा जुन्या बारदानाचा धागा असेल तरी हेच.

मिसळलेली ओली माती साठवू नका. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार दिवसांत वास सुटतो, काळी बुरशी धरते. लागेल तेवढीच कालवा. आणि तयार माल जमिनीवर ठेवू नका. धागा म्हणजे वाळवीचं जेवण. फळी टाका, भिंतीपासून लांब ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा

मशीन घेऊ नका, गाळा भाड्याने घेऊ नका. फक्त पाच पट्ट्या करा.

तुमच्या मातीचे सुकं वजन करून पाच सारखे भाग घ्या. पहिल्यात काही नाही. पुढच्या चारांत किलोमागे ५, १०, १५ आणि २० ग्रॅम कापूस. प्रत्येकाची बोटभर जाडीची पट्टी करा आणि ओली असतानाच तिच्यावर पट्टीने मोजून १० सेंटीमीटरची रेघ मारा. सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावर रेघ पुन्हा मोजा. ९.२ सेंटीमीटर भरली तर आकसणं ८ टक्के. मग प्रत्येक पट्टीची दोन टोकं विटांवर टेकवा आणि मधोमध सारखं वजन लटकवत जा. कोणती किती वजनाला मोडली, लिहा.

मग तुमची पट्टी तुम्हाला सांगेल की तुमच्या मातीला किती धागा हवा. मी सांगितलेला दीड टक्का नाही, इंटरनेटवरचा आकडा नाही. राळेगावची माती वेगळी, पुसदची वेगळी, गुजरातची शाडू वेगळी.

आणि कुंभारदादांचं काय?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. तुम्ही कुंभार समाजातले नसाल आणि या धंद्यात येत असाल, तर जरूर या. पण गावातल्या कुंभाराला 'लेबर' समजून येऊ नका. माती ओळखणं, तुडवणं, आवा लावणं त्यांच्याकडे आहे. हिशेब, पॅकिंग, ऑनलाइन ऑर्डर, बाजार तुमच्याकडे असेल. मग भागीदारी करा, लेखी करा, नफ्यात वाटा ठरवा. रोजंदारीवर कौशल्य विकत घेतलं तर ते फक्त सीझनपुरतं मिळतं.

त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेची माहितीही द्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभार आणि मूर्तिकार दोन्ही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. तुम्ही स्वतः पारंपरिक कारागीर नसाल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीची चौकशी करा. पण एक लक्षात ठेवा, कर्ज ही शेवटची पायरी आहे. आधी पाच पट्ट्या, मग तुटफुटीची वही, मग पहिल्या पन्नास वस्तू ओळखीबाहेरच्या गिऱ्हाइकाला विकून बघणं, आणि त्यानंतर बँक.

कापूस आपल्या मातीत उगवतो. तो परत मातीत मिसळायचा तर मोजून मिसळा. तुमचा माल तडकला नाही तर तो आपोआप विकला जाईल, आणि त्यासाठी कुणाच्या दुःखाचं स्टिकर लागणार नाही.

पट्ट्या करून झाल्या की कोणत्या गावची माती, किती ग्रॅम, किती टक्के आकसली, एवढं खाली लिहा. चांगले आकडे आले तर ते घेऊन पुढचा व्हिडिओ आपण मिळून करू. कामाला लागा!